नाशिकचा मुलगा आणि परगांवचें कॉलेज

नाशिक शहरांत सार्वजनिक वाचनालय निघालें तें १८४० सालीं. मुंबईचें विश्वविद्यालय स्थापन होण्याच्या सतरा वर्षें आधींची ही गोष्ट. महाराष्ट्रांतील अगदीं जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. त्याच नाशकांत पहिलें कॉलेज मात्र १९२४ सालीं उघडलें. म्हणजे पुस्तकें गांवांत आलीं, आणि तीं पुस्तकें शिकून पदवी घेण्याची सोय गांवांत होण्यास आणखी चौऱ्याऐंशी वर्षें जावीं लागलीं.

आतांच्या घरांतून जून महिना उजाडला कीं ह्या विषयाचा खल सुरू होतो. मुलाला येथेंच घालावें कीं पुण्यास पाठवावें? आई म्हणते, घरचें जेवण सुटेल. वडील खोलीचा आणि खाणावळीचा हिशेब कागदावर मांडतात. आणि मुलगा कांहीं न बोलतां मनानें केव्हांच गाडींत जाऊन बसलेला असतो. पण हा प्रश्न पडायलासुद्धां गांवांत एक कॉलेज असावें लागतें. नाशिकच्या तीन-चार पिढ्यांना तो पडलाच नाहीं. त्यांच्यापुढें एवढाच प्रश्न होता कीं मॅट्रिकनंतर घर सोडावयाचें, कीं शिक्षण.

गंमत अशी कीं जुन्या विद्येच्या बाबतींत नाशिक हें स्वतःच परगांव होतें. पंचवटींतील आणि त्र्यंबकेश्वरच्या वेदपाठशाळांतून, शास्त्रीमंडळींच्या घरांतून, दूरदूरचीं मुलें येऊन राहत. वार लावून जेवावें, गुरूच्या घरचीं चार कामें करावीं, पाठ म्हणावा, आणि दहा-बारा वर्षांनीं दशग्रंथी होऊन गांवीं परत जावें, अशी ती रीत. गुरु असेल तेथें शिष्यानें जावयाचें, ही गोष्ट नाशिककरांना नवी नव्हती. नवें होतें तें एवढेंच कीं १८५७ नंतर हा ओघ उलटा वाहूं लागला. नाशकांत येणारे विद्यार्थी आणि नाशकांतून जाणारे विद्यार्थी कांहीं काळ एकाच वाटेवर एकमेकांच्या समोरून गेले असतील. एकाच्या हातांत पोथी आणि दुसऱ्याच्या हातांत इंग्रजी व्याकरण.

जावयाचें कोठें? मुंबईस एल्फिन्स्टन आणि विल्सन, पुण्यास डेक्कन आणि १८८५ पासून फर्ग्युसन. नाशिकच्या मुलाचें उच्च शिक्षण बव्हंशीं ह्या चार नांवांभोंवतीं फिरत असे. कोल्हापूरचें राजाराम कॉलेज १८८० पासून होतें, बडोद्यासहि कॉलेज होतें; परंतु तीं त्याला अधिकच लांब. उत्तरेकडे खानदेश आणि दक्षिणेकडे नगर जिल्हा, हा सगळा मुलूख ह्या दृष्टीनें कोरडाच होता. सरकारनें कॉलेजें काढलीं तीं बहुधा आपल्या कारभाराच्या ठाण्यांजवळ. मुंबई ही इलाख्याची राजधानी आणि पुणें ही गव्हर्नरसाहेबांची पावसाळ्यांतली राजधानी. तेथें कॉलेज असणें ओघानेंच आलें. खाजगी कॉलेज काढावयाचें तर केवळ देणगीदार मिळून भागत नाहीं. थोड्या वेतनावर जन्मभर शिकविण्याची शपथ घेणारीं माणसें लागतात. अशीं माणसें टिळक-आगरकरांच्या पिढींत पुण्यास एकत्र आलीं. नाशिकला तीर्थ होतें, व्यापार होता, जिल्ह्याची कचेरी होती. असा मेळ मात्र तेथें लवकर जमला नाहीं.

प्रवासहि आजच्यासारखा नव्हता. नाशिकरोडचें स्टेशन गांवापासून पांच-सहा मैल. मध्यंतरीं कांहीं वर्षें स्टेशन आणि गांव ह्यांच्या दरम्यान घोड्यांची ट्राम चालत असे. एरवीं टांगा किंवा पाय. मुंबईची वाट थळघाटानें सरळ उतरते. पुण्याची मात्र वांकडी. आगगाडीनें पुण्यास जावयाचें तर एक घाट उतरून कल्याण गांठावयाचें आणि दुसरा घाट चढून पुन्हां वर यावयाचें. नाहीं तर उलट दिशेला मनमाडपर्यंत जाऊन, १८७८ सालीं झालेल्या दौंड-मनमाड रस्त्यानें नगरवरून वळसा घ्यावयाचा. वळकटी, ट्रंक आणि आईनें दिलेला फराळाचा डबा संभाळीत हा प्रवास करणारा मुलगा एकदां गेला म्हणजे बहुधा सुटीशिवाय घरीं येत नसे.

ज्यांना शक्य होतें त्यांचीं घरेंच्या घरें हललीं. हा मार्ग सर्वांत सोयीचा, पण तो कांहीं मुलांसाठीं म्हणून घेतलेला नसे; वडिलांच्या नोकरीबरोबर तो आपोआप येई. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांचा जन्म नाशिक जिल्ह्यांतील निफाडचा, १८४२ सालचा. वडिलांच्या नोकरीमुळें त्यांचें बालपण कोल्हापुरांत गेलें, आणि वयाच्या चौदाव्या वर्षीं ते एल्फिन्स्टनमध्यें शिकावयास मुंबईस गेले. मुंबई विश्वविद्यालयाची पहिली मॅट्रिक १८५९ सालीं झाली. तींत उत्तीर्ण होणाऱ्या थोडक्या मुलांत ते होते. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. वडिलांना विल्सन कॉलेजांत संस्कृत शिकविण्याची नोकरी मिळाली, बिऱ्हाड मुंबईस गेलें, आणि त्यामुळेंच १८८५ सालीं मुलाला जे. जे. कलाशाळेचें दार उघडें झालें. वडील त्र्यंबकेश्वरींच राहते तर हिंदी चित्रपटसृष्टीचा हा जनक कदाचित् एक उत्तम शास्त्री झाला असता.

ह्याच मालिकेंत एका मुलीचें नांव घ्यावयास हवें. कॉर्नेलिया सोराबजी ह्यांचा जन्म १८६६ सालीं नाशकांत झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक. पुढें हें कुटुंब पुण्यास स्थायिक झालें, आईनें तेथें शाळा चालविली, आणि मुलगी डेक्कन कॉलेजांत गेली. मुंबई विश्वविद्यालयाच्या त्या पहिल्या स्त्री-पदवीधर. परीक्षेंत त्यांचा क्रमांक इतका वर होता कीं विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्या वांट्यास यावयाची; परंतु त्या स्त्री आहेत म्हणून ती मिळाली नाहीं. विलायतेंतील हितचिंतकांनीं वर्गणी जमविली आणि १८८९ सालीं त्या ऑक्सफर्डला गेल्या. तेथें कायद्याचा अभ्यास करणारी पहिली स्त्री नाशकांत जन्मलेली होती, हें नाशिककरांनाहि फारसें ठाऊक नसतें. पण ह्या यशाच्या मुळाशीं पुण्यांतील घर होतें, हें विसरतां येत नाहीं. त्या काळांत एकट्या मुलीला नाशिकहून पुण्यास पाठविणारा बाप शोधून सांपडला नसता.

ज्यांचें घर हलूं शकत नव्हतें, त्यांच्यांतून एक मुलगा जाई. ह्या एका मुलाची कथा चरित्रांतून पुष्कळ वाचावयास मिळते. हातानें स्वयंपाक, माधुकरी, रात्रींचा अभ्यास, मग पदवी आणि मोठेपणा. त्याच घरांत मागें राहिलेल्या मुलाला चरित्रकार एखादें वाक्य देतात आणि पुढें जातात. नाशिक जिल्ह्यांतील एका घराकडे ह्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे.

तें घर भगूरच्या सावरकरांचें. विनायकरावांचें पुढील राजकारण आणि त्यावरील वाद हा येथला विषय नव्हे. येथें पाहावयाचा तो तीन भावांच्या शिक्षणाचा हिशेब. वडील दामोदरपंत १८९९ सालीं प्लेगनें वारले. आई पूर्वींच गेलेली. थोरले गणेशपंत ऊर्फ बाबाराव त्या वेळीं वीस वर्षांचे, मधले विनायक सोळा वर्षांचे आणि धाकटे नारायण अकरा वर्षांचे. बाबारावांनीं स्वतःचें शिक्षण सोडलें आणि संसार अंगावर घेतला. विनायकराव नाशिकच्या हायस्कुलांतून १९०१ च्या अखेरीस मॅट्रिक झाले. आतां पुढें काय? घरांत पैसा नव्हता. त्याच वर्षीं त्यांचें लग्न झालें होतें. सासरे रामचंद्र त्रिंबक ऊर्फ भाऊराव चिपळूणकर हे जव्हार संस्थानांत चांगल्या हुद्द्यावर होते. त्यांनीं कॉलेजच्या खर्चाचा भार उचलला. जानेवारी १९०२ मध्यें विनायकराव पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत दाखल झाले.

परगांवच्या कॉलेजांत मुलाला काय मिळतें आणि घरच्यांना कशाची भीति वाटते, ह्या दोन्ही गोष्टी त्यांच्या पुण्यांतील चार वर्षांत एकदम दिसतात. मोठें ग्रंथालय मिळालें, इलाख्यांतून आलेले बुद्धिमान सोबती मिळाले, टिळकांचा निकट परिचय मिळाला. आणि १९०५ सालीं परदेशी कापडाची होळी केल्याबद्दल दहा रुपये दंड होऊन वसतिगृहांतून बाहेरहि पडावें लागलें. त्या वेळीं प्रिन्सिपॉल होते रँग्लर परांजपे. मुलगा शिकावयास पाठविला आणि मनिऑर्डरीच्या पावतीऐवजीं दंडाची बातमी आली, हा प्रसंग पुष्कळ बापांनीं आपापल्या परीनें अनुभवलेला असतो. १९०६ सालीं, टिळकांच्या शिफारशीनें श्यामजी कृष्णवर्मांची शिष्यवृत्ती मिळून, विनायकराव विलायतेस गेले. धाकटे नारायणराव पुढें वैद्यकीय शिक्षणासाठीं थेट कलकत्त्याला गेले. तीन भावांपैकीं दोघे लांब गेले. मागें राहिले ते बाबाराव.

योगायोग असा कीं विनायकराव फर्ग्युसनमध्यें दाखल झाले त्याच १९०२ सालीं गोपाळ कृष्ण गोखले तेथील अध्यापनांतून निवृत्त झाले. राजकारणांत ह्या दोघांच्या वाटा इतक्या वेगळ्या कीं एका वाक्यांत दोघांचीं नांवें सहसा येत नाहींत. घरची हकीकत मात्र जवळजवळ एकच. गोखल्यांचे वडील कृष्णराव हे कागलला नोकरीस होते. ते १८७९ सालीं वारले तेव्हां गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरल्या गोविंदरावांनीं शिक्षण सोडून कागललाच पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्या पंधरांतले आठ रुपये ते दरमहा गोपाळला पाठवीत, आणि उरलेल्या सातांत घर चालवीत. अर्ध्याहून अधिक पगार परगांवीं जाई! हे आठ रुपये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत, मग पुण्यास आणि अखेर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत खर्च झाले. १८८४ सालीं गोपाळराव बी. ए. झाले. त्यांच्या चरित्रांतून, एक वेळ जेवून, दिव्याचें तेल वांचवून त्यांनीं दिवस कसे काढले, ह्याचें वर्णन येतें. तें खरेंच हृदयस्पर्शी आहे. पण कागलच्या घरांत सात रुपयांत तीच काटकसर चालली होती, आणि तिच्या शेवटीं पदवी नव्हती.

परगांवच्या कॉलेजची खरी किंमत ह्या दुसऱ्या मुलानें दिली. फीचा आणि खाणावळीचा आंकडा मोजतां येतो. एका मुलाच्या पदवीसाठीं दुसऱ्यानें मोडलेला अभ्यास कोठल्याहि जमाखर्चांत दिसत नाहीं. सगळ्याच घरांत थोरला भाऊ राहिला आणि मधला गेला असें नाहीं. कोठें हुशार मुलाला पुढें ढकलला आणि बेताच्या मुलाला दुकानावर बसविला. कोठें बहिणीचें शिक्षण मराठी चौथीवर थांबलें. पण दोघांना परगांवीं ठेवणें बहुतेक मध्यम घरांना परवडत नव्हतें, आणि निवड झाली ती दोन कॉलेजांत नव्हे, दोन मुलांत झाली.

गोखले १९१५ सालीं वारले. त्यांच्या स्मरणार्थ १९१८ सालीं प्रिन्सिपॉल टी. ए. कुलकर्णी ह्यांनीं गोखले एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, आणि ह्या संस्थेनें १९२४ सालीं नाशकांत कॉलेज काढलें. हंसराज प्रागजी ठाकरसी ह्यांचें नांव त्याला मिळालें; आज सारें नाशिक त्याला एच. पी. टी. म्हणून ओळखतें. त्या वेळीं पुण्या-मुंबईबाहेर मराठी मुलखांत कॉलेजें हळूहळू उगवत होतीं. सांगलीस विलिंग्डन १९१९ सालीं, अमरावतीस किंग एडवर्ड आणि औरंगाबादेस निजाम सरकारचें कॉलेज १९२३ सालीं. नाशिकचें त्यांच्या पाठोपाठचें. उत्तर महाराष्ट्रांतील मुलाला मात्र त्याचें महत्त्व ह्या सर्वांहून अधिक होतें. कारण खानदेशांत जळगांव आणि अमळनेर येथें कॉलेजें निघालीं तीं १९४५ च्या सुमारास, आणि नगरला १९४७ सालीं. तोंवर वीस वर्षें त्या साऱ्या बाजूला जवळचें असें हें एकच.

गांवाबाहेर, मोकळ्या जागेंत, हें कॉलेज उभें राहिलें. ज्या रस्त्यानें तेथें जावयाचें त्याला लोक कॉलेजरोड म्हणूं लागले. आज त्या रस्त्यावर दुकानांची आणि उपाहारगृहांची इतकी गर्दी आहे कीं नांव कशावरून पडलें हें सांगावें लागतें. संस्थेच्या आवाराला विद्यानगर म्हणतात आणि त्याला प्रिन्सिपॉल कुलकर्ण्यांचें नांव आहे.

आतां कोठें नाशिकच्या घरांत तो जूनमधला प्रश्न उत्पन्न झाला. आणि त्याबरोबरच घरच्या कॉलेजविषयींचा तो जुना संशयहि आला, जो प्रत्येक नव्या कॉलेजच्या वांट्यास येतो. पुण्याचे प्राध्यापक ते पुण्याचे. येथें म्हणजे हायस्कुलाचीच आणखी एक इयत्ता! गांवचे मास्तर, गांवचे सोबती, संध्याकाळीं तोच गोदेचा घाट. मुलगा जग पाहणार केव्हां? ह्या आक्षेपांत तथ्य नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. परगांवच्या कॉलेजांत वर्गाबाहेर जें शिक्षण होतें, खोलीवरच्या सोबत्यांशीं रात्रभर वाद घालून, पैसे संपल्यावर दोन दिवस काढून, आजारपणांत एकट्यानें पडून राहून, तें घरच्या कॉलेजांत होत नाहीं. आईच्या हातचा चहा हा विद्येला पूरकच असतो असें नाहीं.

तरी ह्या आक्षेपाला नाशिकनें लवकरच एक उत्तर दिलें. विष्णु वामन शिरवाडकर हा मुलगा पिंपळगांव बसवंतचा. तेथें चुलत्यांकडे तो दत्तक म्हणून वाढला, हायस्कुलासाठीं नाशकांत आला, आणि मॅट्रिकनंतर पुण्यास न जातां एच. पी. टी. कॉलेजांत राहिला. त्याचा जन्म पुण्याचाच होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे ही निवड अधिकच मजेची वाटते. कॉलेजांत असतांनाच त्याच्या कविता मासिकांतून येऊं लागल्या. १९३३ सालीं ‘जीवनलहरी’ हा पहिला संग्रह निघाला, आणि १९३४ सालीं तो मराठी आणि इंग्रजी घेऊन बी. ए. झाला. पुढें ‘कुसुमाग्रज’ ह्या नांवानें त्याला साऱ्या महाराष्ट्रानें ओळखलें, आणि १९८७ च्या ज्ञानपीठ पुरस्कारानें साऱ्या देशानें.

गांवांत राहिला म्हणून त्याला जग दिसलें नाहीं, असेंहि घडलें नाहीं. त्या वर्षांत जगच नाशकांत आलें होतें. २ मार्च १९३० रोजीं काळाराम मंदिराच्या प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकरांचें नेतृत्व आणि भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाडांची संघटना ह्यांच्या बळावर हा लढा पांच वर्षें चालला. विशीतला शिरवाडकर ह्या सत्याग्रहांत सामील झाला. पुण्याच्या वसतिगृहांत बसून ज्या प्रश्नावर वक्तृत्वसभेंत भाषण करतां आलें असतें, तो प्रश्न येथें कॉलेजपासून चालण्याच्या अंतरावर रस्त्यावर उभा होता. एका प्रतिभावंताच्या उदाहरणावरून नियम काढूं नये हें खरें. शिरवाडकर पुण्यास जाते तरी कवि झालेच असते. पण घरचें कॉलेज म्हणजे विहिरींतलें पाणी आणि परगांवचें म्हणजे समुद्र, हा हिशेब तितका सरळ नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

खरा फरक पडला तो जे प्रसिद्ध झाले नाहींत त्यांच्या बाबतींत. १९२४ पूर्वीं ज्या घरांतून एकच मुलगा कॉलेजांत जाऊं शकला असता, तेथून आतां दोघे जाऊं शकत होते. एक पुण्यास आणि एक येथें. दुकान संभाळून, शिकवण्या करून, वडिलांच्या आजारपणांत घर न सोडतां बी. ए. होणें शक्य झालें. मुलींच्या बाबतींत तर ही सोय म्हणजे सर्वस्वच होती. कर्व्यांचें महिला विद्यापीठ १९१६ पासून पुण्यास होतें, परंतु जी मुलगी पुण्यास जाऊंच शकत नव्हती तिला त्याचा काय उपयोग? मुलगी संध्याकाळीं घरीं परत येणार, एवढ्या एका आश्वासनावर पुष्कळ वडिलांनीं मान हलविली. हें आश्वासन कांहीं थोर तत्त्व नव्हे. पण त्याच्याच जोरावर मुली वर्गांत येऊन बसल्या.

‘घरचें’ ह्या शब्दाचा अर्थ मात्र सर्वांना सारखा नव्हता. कळवणच्या, सुरगाण्याच्या किंवा बागलाणच्या शेतकऱ्याच्या मुलाला नाशिक हेंच परगांव. त्याला पुणें काय आणि नाशिक काय, खोली आणि जेवण ह्यांचा प्रश्न सुटल्याशिवाय दोन्ही सारखींच. १९१४ सालीं स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजानें हें बरोबर ओळखलें. रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे, अण्णासाहेब मुरकुटे आदि मंडळींनीं आधीं वसतिगृहाकडे लक्ष दिलें. उदोजी मराठा बोर्डिंगमध्यें खेड्यांतलीं मुलें राहूं लागलीं आणि नाशिकच्या शाळांतून शिकूं लागलीं. समाजाचें नाशकांतलें मोठें कॉलेज, ज्याला ह्या तिघांचींच नांवें आहेत, तें पुढें १९६९ सालीं निघालें. कॉलेजच्या आधीं बिछाना, हा क्रम शहरांतल्या माणसाला सुचत नाहीं. त्याचा बिछाना घरींच असतो.

आणि ज्याला गांव खोलीच भाड्यानें देत नाहीं, ज्याला पाणवठ्यावर आणि देवळांत मज्जाव आहे, त्याला जवळचें कॉलेज जवळ असतेंच असें नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ आणि १९५० सालीं औरंगाबादेस मिलिंद हीं कॉलेजें काढलीं. दलित विद्यार्थ्यांना तेथें केवळ वर्ग मिळाला असें नव्हे. वर मान करून बसण्याची जागा मिळाली. अशा मुलाच्या दृष्टीनें घर सोडून जाणें हा तोटा नव्हता, सुटका होती. घरच्या कॉलेजची बाजू मांडणाऱ्यांनीं ही गोष्ट नजरेआड करूं नये.

घरच्या कॉलेजनें परगांव कांहीं संपविलें नाहीं. डॉक्टर व्हावयाचें तर मुंबईचें ग्रँट मेडिकल, इंजिनिअर व्हावयाचें तर पुणें, व्यापारी पदवी घ्यावयाची तर मुंबईचें सिडनहॅम. हा रस्ता पुढेंहि पुष्कळ वर्षें तसाच राहिला. नाशकांत व्यापारी शिक्षणाचें बी. वाय. के. कॉलेज १९५७ सालीं, क. का. वाघ ह्यांच्या नांवाचें इंजिनिअरिंग कॉलेज १९८४ सालीं, आणि मराठा विद्या प्रसारक समाजाचें वैद्यकीय कॉलेज १९९० सालीं निघालें. आणखी एक मौज अशी कीं १९४९ सालीं पुणें विद्यापीठ सुरू झाल्यावर नाशिकचें कॉलेज त्याच्या कक्षेंत आलें. जो मुलगा पुण्यास न जातां गांवींच शिकला, त्याच्याहि पदवीच्या कागदावर नांव आलें तें पुण्याचेंच!

उलट ओघहि पुन्हां सुरू झाला. डॉ. मुंजे ह्यांनीं १९३७ सालीं नाशकांत भोसला सैनिकी शाळा काढली आणि लांबलांबचीं मुलें तेथें येऊन राहूं लागलीं. कॉलेजांत शिकवावयास बाहेरचे प्राध्यापक आले. साताऱ्याकडचे वसंत कानेटकर एच. पी. टी. मध्यें मराठी शिकवावयास आले ते नाशिकचेच झाले, आणि मराठी रंगभूमीवरील त्यांचीं कितीएक नाटकें ह्याच गांवांत लिहिलीं गेलीं. ज्या गांवचा मुलगा चांगल्या शिक्षकाच्या शोधांत बाहेर जात होता, त्या गांवांत चांगला शिक्षक बाहेरून येऊन घर बांधूं लागला.

यशवंतराव चव्हाणांच्या नांवाचें मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं स्थापन झालें. त्याचें मुख्य ठाणें नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या बाजूला आहे. नोकरीवर असलेला, संसारांत अडकलेला, शाळा मध्येंच सुटलेला मनुष्य तेथें नांव घालतो आणि आपल्या गांवच्या अभ्यासकेंद्रामार्फत पदवी घेतो. कागलला पंधरा रुपयांवर नोकरी करणाऱ्या गोविंदराव गोखल्यांना अशी सोय नव्हती. नाशकांत भावांचा संसार संभाळणाऱ्या बाबाराव सावरकरांनाहि नव्हती. बाबाराव १९४५ सालीं सांगलीस वारले. त्यांनीं अंदमान पाहिलें, ग्रंथ लिहिले. कॉलेजच्या वर्गांत मात्र ते कधीं बसले नाहींत.